क्लिक ६०७, फोन २३

पत्र थोडक्यात असं आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या एक ताई आणि त्यांचे यजमान पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय चालवतात. यजमान हाताखालच्या दोन पोरांना घेऊन कामावर जातात. फोन, बिलं आणि ऑनलाइन जाहिरात ताई बघतात. कुणी क्लिक केलं की पैसे कापले जातात, त्या प्रकारची ही जाहिरात. एप्रिलपर्यंत बरं चाललं होतं. मेमध्ये क्लिक दुपटीच्या वर गेले आणि फोन मात्र आटले. गेल्या दिवाळीला त्यांच्याकडचा जुना टेक्निशियन काम सोडून गेला आणि दोन चौक पलीकडे त्याने स्वतःचं दुकान टाकलं. तोच क्लिक मारून आपलं बजेट संपवतो, अशी दोघांची खात्री आहे. वेबसाइटवाल्याने काढून दिलेल्या नोंदीत एका दिवशी एकाच आयपीवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एकाच क्रमांकावरून) कुणीतरी १४ वेळा आल्याचं दिसतं. रात्री दोन-तीन वाजता क्लिक पडतात. एका दिवशी तर बजेट ६०० असताना १,१४० रुपये गेले. कंपनीकडे तक्रार केली, तीन ओळींचं उत्तर आलं: तपासलं, आणखी परतावा देता येणार नाही. चॅटवरची मुलगी दर वेळी "मी तुमची अडचण समजू शकते" एवढंच म्हणते. भाचा म्हणतो, "मामी, मित्रांचे दहा मोबाइल आहेत, आपणही त्याच्या जाहिरातीवर क्लिक मारू." यजमान म्हणतात, जाऊन गचांडीच धरतो. ताई विचारतात, यातलं काय करू? की जाहिरातच बंद करू?

ताई,

भाच्याला आजच नाही म्हणून टाका. बाकीचं सावकाश बोलू, पण दहा मोबाइल जमवायला पोरांना एक संध्याकाळ पुरते. दुसऱ्याच्या जाहिरातीवर मुद्दाम क्लिक मारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं, आणि गंमत अशी की निघालेले पैसे तुमच्याकडे येतच नाहीत, जाहिरात कंपनीकडे जातात. त्यातही एकाच खोलीत, एकाच वायफायवर बसून दहा मोबाइल एकाच जाहिरातीवर बोटं मारायला लागले, तर यंत्राला पकडायला याहून सोपा प्रकार नाही. क्लिक रद्द होतील. व्हॉट्सॲपवर "मामी, आज ४० मारले" एवढं मात्र शिल्लक राहील, आणि ते उद्या कुणाला दाखवायची वेळ आली तर तुमची बाजू काय असेल?

आता मूळ प्रकरण. तुम्ही पत्रासोबत रिपोर्ट जोडलेत ते फार बरं केलंत. अशा पत्रांत बहुतेकदा नुसता संताप असतो, आकडे नसतात. रविवारची दुपार मी ते कागद घेऊन बसलो होतो. (कंपनीचं नाव मी गाळलंय. खाली नियम सांगताना गुगलचं उदाहरण घेतो, कारण बहुतेक वाचकांचा संबंध त्याच्याशी येतो आणि ते नियम कुणालाही वाचता येतात.)

मार्चमध्ये रोजचं बजेट ४००, महिन्याचा खर्च १२,१६०, क्लिक २६८, फोन ३८, कामं १७. मेमध्ये बजेट ६००, खर्च १८,२००, क्लिक ६०७, फोन २३, कामं ९. तुमची नजर त्या ६०७ वर खिळली, साहजिक आहे. माझी अडली एका क्लिकच्या भावावर. मार्चमध्ये सरासरी एका क्लिकला ४५ रुपये पडत होते, मेमध्ये ३० पडले. भाव उतरलाय, ताई. तुमचा जुना माणूस "पेस्ट कंट्रोल चिंचवड" असं शोधून तुमच्या जाहिरातीवर टिचक्या मारत असता, तर दर टिचकीला तुमचे ४०-४५ गेले असते. सरासरी खाली यायला कारणच नव्हतं. मंडईत भाव एकदम पडला की आपण विचारतो ना, माल कुठला आहे? तेच इथे विचारायला हवं होतं.

त्याचं उत्तर तुमच्याच खात्यात आहे. 'चेंज हिस्टरी' नावाचं पान असतं. खात्यात कुणी, कधी, काय बदललं ते तिथे तारीख-वेळेसकट दिसतं. तुमच्या एका स्क्रीनशॉटच्या कडेला ते आलंय. ३० एप्रिल, दुपारी सव्वातीन ते पावणेचार, एकामागून एक बदल. आणि पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की एप्रिलअखेर "कंपनीकडून बोलतोय, तुमचं अकाउंट सुधारून देतो" असा एक फोन आला होता, आणि ते सांगतील तिथे तुम्ही 'अप्लाय' दाबत गेलात. हीच ती अर्धा तासाची सुधारणा. बजेट ४०० चं ६०० झालं. तुम्ही निवडलेले नेमके शब्द 'ब्रॉड मॅच'मध्ये गेले, म्हणजे त्या शब्दांच्या आसपासचं काहीही शोधलं तरी तुमची जाहिरात दिसणार. जाहिरात फक्त शोधाच्या पानावर दिसायची, ती 'डिस्प्ले'वर म्हणजे इतरांच्या वेबसाइटवर आणि मोबाइलच्या ॲपांतही दिसायला लागली. आणि यापुढच्या सूचना आपोआप लागू करायलाही तुम्ही संमती देऊन बसलात.

जाहिरात नेमकी कुठे दिसली त्याची यादी मी वाचली. टॉर्चचं ॲप. लहान मुलांचा चित्रं रंगवायचा खेळ. फळं कापायचा खेळ. कुणीतरी आई स्वयंपाकघरात आहे, चार वर्षांचं पोर तिचा मोबाइल घेऊन हत्तीला निळा रंग देतंय, खाली तुमच्या झुरळाची जाहिरात आली, पोराचं बोट लागलं: १६ रुपये. रात्री दोनचे क्लिकही जवळजवळ सगळे इथलेच आहेत. झोप येत नाही म्हणून खेळत पडलेले लोक आणि बंद करायची फुली न सापडणारी बोटं. असे ३१७ क्लिक, ५,१५० रुपये, आणि फोन एकही नाही.

यातले काही क्लिक चुकून पडलेले असतील, काही खरोखर बनावट. पण बनावट असले तरी ते करणारा कोण, हे बघा. आपल्याला लगेच प्रतिस्पर्धी आठवतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. पण तुमच्या क्लिकमधून ज्याला वाटा मिळतो, त्या ॲपच्या किंवा वेबसाइटच्या मालकाकडे खोटे क्लिक करायला जास्त ठोस कारण असतं. मे २००४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने बातमी छापली होती की आपल्याकडच्या शहरांत गृहिणी, कॉलेजची मुलं, नोकरदारसुद्धा घरी बसून जाहिरातींवर क्लिक करून महिन्याला शे-दोनशे डॉलर मिळवतात. त्या बायांचं त्या जाहिरातदारांशी काही वैर नव्हतं, त्यांना त्यांचं नावही ठाऊक नसेल. पुढे माणसांची जागा यंत्रांनी घेतली. एफबीआयने २०११ मध्ये एस्टोनियातली एक टोळी पकडवली. तिने जगभरातले चाळीस लाखांच्या आसपास कॉम्प्युटर बाधित करून एक कोटी ४० लाख डॉलर कमावले होते. हा धंदा आहे. यात दोन चौक पलीकडचा माणूस लागत नाही.

आता शोधाच्या पानावरचे उरलेले २९० क्लिक. लोकांनी नेमकं काय टाइप केलं होतं, ती यादीही तुम्ही पाठवलीत, पण बहुधा उघडून पाहिली नाहीत. "झुरळं घालवायचे घरगुती उपाय". "उंदराचा पिंजरा किंमत". "पेस्ट कंट्रोल जॉब पुणे". "पेस्ट कंट्रोल लायसन्स कसं काढायचं". एक जण लातुरातून ढेकणांचं औषध शोधत होता. असे १२० क्लिक मी मोजले, म्हणजे ५,४०० रुपये. हे सगळे खरे लोक, खऱ्या गरजेने आलेले, फक्त तुमचे गिऱ्हाईक नव्हेत. त्यांना फसवणूक म्हणता येणार नाही आणि त्यांचे पैसेही परत मागता येणार नाहीत.

राहिले १७० क्लिक आणि त्यांवर आलेले २३ फोन. साधारण सात क्लिकला एक फोन. मार्चमध्येही सातालाच एक होता! म्हणजे तुमचा खरा बाजार होता तसाच आहे. फक्त बजेट भलतीकडे संपत असल्यामुळे संध्याकाळी, नोकरदार बायका घरी येऊन ओट्याखालची झुरळं बघतात त्या वेळी, तुमची जाहिरात दिसतच नव्हती.

त्या १४ नोंदींचं काय? वेबसाइटवाल्याला पुन्हा फोन करा आणि प्रत्येक ओळीतला उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, म्हणजे लिंक, मागा. जाहिरातीवरून आलेल्या क्लिकच्या पत्त्याला शेपटीसारखा एक लांबलचक ओळखक्रमांक चिकटलेला असतो. दोन ओळींत तोच क्रमांक असेल तर तो एकच क्लिक. माणसाने पान पुन्हा लोड केलं, मागे-पुढे केलं, एवढंच, आणि पैसे एकदाच कापले जातात. तुम्ही पाठवलेल्या कागदावर अर्धवट का होईना पण ते क्रमांक दिसतायत. १४ ओळींत पाचच वेगवेगळे आहेत. शिवाय मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरच्या जगात एकच आयपी देतात, त्यामुळे ते पाचही एकाच माणसाचे असतील असं नाही. तो आयपी ब्लॉक केलात तर त्यामागचं खरं गिऱ्हाईकही बंद होईल.

१,१४० चा दिवस ऐकायला सगळ्यात वाईट वाटतो आणि त्यातच सगळ्यात कमी दम आहे. गुगलच्या जाहीर नियमानुसार एखाद्या दिवशी रोजच्या सरासरी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याला मात्र त्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर घेत नाहीत. 'रोजचं बजेट' म्हटल्यावर कुणालाही ती रोजची मर्यादा वाटणारच. नाव फसवं आहे, हे माझं मत. पण नियम लपवलेला नाही.

आणि एक नाजूक प्रश्न. यजमान रोज सकाळी मोबाइलवर "आपली जाहिरात वर आहे का" ते बघतात, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. बघून ते काय करतात? क्लिक करून "बरोबर उघडतंय ना" हेही तपासतात का? बऱ्याच दुकानांत पहिला संशयित मालकच निघतो. खात्यात जाहिरातीचं 'प्रिव्ह्यू' बघायची सोय असते. त्यांना ती लावून द्या.

एवढं सगळं वजा केल्यावर मला खरोखर खटकलेले क्लिक २० आहेत. एकच शब्द, सकाळी नऊ ते दहा, दोन-तीन सेकंदांत परत. यात तुमचा जुना माणूस असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण सगळे त्याच्या माथी मारले तरी होतात ९०० रुपये. यजमान गचांडी धरायला निघालेत ते ९०० रुपयांसाठी, आणि साडेदहा हजार गेलेत ३० एप्रिलच्या अर्ध्या तासात. तो माणूस सोडून गेला याचं दुःख खरं आहे; तुमच्याकडे जेवला-खाल्ला, यजमानांनी त्याला हाताला धरून शिकवलं. पण ते दुःख क्लिकच्या हिशेबात मिसळलं की हिशेब लागत नाही.

आता ग्राहकसेवा. तुम्हाला वाटतं ती मुलगी माहिती दडवते. मला वाटतं तिला माहितीच नाही. कुठला क्लिक का बाद झाला आणि कुठला का धरला, ते ठरवणाऱ्या गाळण्या कंपनी बाहेर सांगत नाही, आणि चॅटवर बसणाऱ्याला तर नाहीच नाही. यात लबाडी थोडी असेल, पण अडचणही खरी आहे: गाळणी कशी चालते हे तुम्हाला सांगितलं तर ते खोटे क्लिक करणाऱ्यालाही कळतं. अमेरिकेत २००५ मध्ये आर्कान्सामधल्या टेक्सारकाना इथे एका भेटवस्तूंच्या दुकानाने, खोट्या क्लिकचे पैसे घेतले म्हणून, गुगल आणि इतर कंपन्यांवर दावा लावला होता. २००६ मध्ये गुगलने नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. त्यातले तीन कोटी वकिलांचे, आणि जाहिरातदारांच्या वाट्याला रोख नव्हे तर पुढच्या जाहिरातींसाठी जमा. त्या खटल्यात न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांना कंपनीच्या आत जाऊन ही व्यवस्था तपासू दिली गेली. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत, असं त्यांनी लिहिलं. पण क्लिकमागचा हेतू काय होता हे बऱ्याचदा ठरवताच येत नाही, हेही लिहिलं. त्याच अहवालातून बाहेर आलं की २००५ च्या सुरुवातीपर्यंत कुणी सवयीने दोनदा टिचकी मारली तर दुसऱ्या टिचकीचेही पैसे लागायचे. म्हणजे जाहिरातदार उगाच ओरडत नव्हते.

तेव्हा "तुमच्याकडे फसवणूक होते, माझे पैसे परत करा" असं लिहिलंत की तीन ओळींचंच उत्तर येणार. उत्तर देता येईल असं विचारा. आधी रिपोर्टमध्ये 'इनव्हॅलिड क्लिक्स'चा रकाना चालू करा. तुमच्या मेच्या रकान्यात ७१ आहेत, हे त्या ६०७ च्या बाहेरचे, यांचे पैसे तुम्हाला लागलेलेच नाहीत. बिलाच्या पानावर त्या नावाखाली काही रक्कम परत आली आहे का, तेही बघा. मग क्लिक तपासणीच्या फॉर्ममध्ये फक्त ते २० घाला: तारीख, वेळ, कुठल्या शब्दावर, ओळखक्रमांक. कहाणी नको, जुन्या माणसाचं नाव तर अजिबात नको. डिस्प्लेच्या पैशांसाठी वेगळी तक्रार करा, तिच्यात फसवणूक हा शब्दच घालू नका. "३० एप्रिलला तुमच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून हे बदल झाले, चेंज हिस्टरी सोबत जोडली आहे, त्यामुळे ५,१५० रुपये गेले आणि एकही फोन आला नाही, सद्भावना म्हणून काही जमा देता येईल का" असं लिहा. मिळेलच असं नाही. पण याचं उत्तर द्यायला त्यांना कुठली गाळणी उघडी करावी लागत नाही. आणि चॅटवरच्या मुलीला प्रत्येक संवादाचा केस नंबर मागा. तो ती नक्की देऊ शकते, आणि पुढच्या माणसाला पहिल्यापासून रामायण सांगायचं वाचतं.

कार्डावरून पैसे रोखायचा विचार मनात असेल तर जाहिरात खातंच बंद पडायची तयारी ठेवा. कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधून लावू नका. वर येणारे नंबर पुष्कळदा ठगांचे असतात, मदत खात्याच्या आतूनच मागायची. त्याच न्यायाने, ३० एप्रिलचा तो फोन खरंच कंपनीचा होता का, हेही एकदा बघा: खात्यात 'ॲक्सेस' कुणाकुणाला आहे ते उघडा आणि अनोळखी नाव दिसलं तर काढून टाका. महिन्याला पैसे घेऊन क्लिकपासून संरक्षण देणारी सॉफ्टवेअरं तुमच्या खर्चाच्या मानाने मला परवडणारी वाटत नाहीत. ती मुख्यतः आयपीच ब्लॉक करतात, आणि गुगलवर तर एका जाहिरात-मोहिमेला ५०० आयपींची मर्यादा आहे.

जाहिरात बंद करू का, असं विचारलंत. डिस्प्ले आज बंद करा, आपोआप सूचनाही बंद, शब्द पुन्हा पूर्वीसारखे नेमके करा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'या भागात असलेले' एवढेच लोक ठेवा, 'या भागात रस असलेले' काढा. घरगुती, उपाय, पिंजरा, जॉब, लायसन्स, किंमत हे शब्द नकोशांच्या यादीत टाका. आणि मग एक हिशेब करा, जो तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. १८ टक्के जीएसटी धरून मार्चमध्ये एक काम मिळवायला तुमचे ८४४ रुपये गेले, मेमध्ये २,३८६. (जीएसटी नंबर आहे ना तुमचा? तो जाहिरातीच्या बिलावर दिसला नाही मला. खात्यात टाका, एवढा कर सोडून कशाला द्यायचा.) तुमच्या दरपत्रकात टू बीएचकेची झुरळांची जेल ट्रीटमेंट १,२०० ची आहे आणि वाळवीचं ड्रिलिंगचं काम ९,००० पासून पुढे. झुरळासाठी ८४४ देऊन हातात काय राहतं? औषध, पोरांची हजेरी, पेट्रोल. मी असतो तर पैशांची जाहिरात फक्त वाळवीसाठी ठेवली असती आणि झुरळांची कामं सोसायट्यांच्या वार्षिक करारातून, जुन्या गिऱ्हाइकांना पावसाआधी एक मेसेज टाकून मिळवली असती. तुम्हाला तुमचा धंदा माझ्याहून जास्त कळतो, तेव्हा हे तपासून घ्या.

फॉर्म मात्र या आठवड्यात भरा. दोन महिन्यांपलीकडचे क्लिक ते तपासत नाहीत, आणि त्या वीसांतले पहिले सात २ मेचे आहेत.